प्रिन्सेस जेवेपर्यंत

व्रत घेताना शब्द जपून वापरावेत. देव दयाळू असला तरी त्याचे कान फार तिखट आहेत. एकदा बोललेलं तो ऐकतो, लक्षात ठेवतो, आणि मागाहून "मला तसं म्हणायचं नव्हतं" म्हणायला गेलं, तर आपल्यालाच आपली लाज वाटते. अमेरिकेत ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या पद्मिनी आगाशेंना हे एकोणीसशे शहाऐंशीच्या चातुर्मासात कळलं, आणि शिकवणारा गुरू होता बुटाच्या नाडीएवढा.

पद्मिनी दर आषाढी एकादशीला चार महिन्यांसाठी काहीतरी नेमायची. एका वर्षी मीठ सोडलं. एका वर्षी जेवताना मौन धरलं. त्या वर्षी नवऱ्याचं, त्र्यंबकरावांचं, वजन चार पौंडांनी वाढलं, कारण "पुरे आता" म्हणणारं कुणी नव्हतं. यंदा तिने देवापुढे हात जोडून हळूच म्हटलं, "घरातला प्रत्येक जीव जेवल्याशिवाय मी घास घेणार नाही."

आता खरं सांगायचं तर ही देवाशी थोडी लबाडीच होती. घरात माणसं तीन. दहा वर्षांची मुलगी दीपा साडेपाचला जेवायची, त्र्यंबकराव ऑफिसातून येऊन सहाला. पद्मिनी तशीही सगळ्यांच्या शेवटीच पानावर बसायची. म्हणजे जे रोज करतोच, त्यालाच गंधाक्षता लावून व्रत म्हणायचं. देव बहुधा गालातल्या गालात हसला असावा, कारण पुढच्याच आठवड्यात दीपा लायब्ररीतल्या समर सायन्स क्लासमधून एक काचेची पेटी घेऊन घरी आली.

"आई, गेस व्हॉट! वुई वन द लॉटरी!"

दीपाच्या टीचरबाईंच्या, म्हणजे मिसेस हॉलकोमच्या, पाळलेल्या गार्टर जातीच्या सापिणीला एकवीस पिल्लं झाली होती. टीचरने चिठ्ठ्या टाकून सात मुलांना तीन-तीन वाटली होती. ऑगस्टअखेरपर्यंत सांभाळायची, आहाराची नोंद ठेवायची आणि परत आणायची. ज्यांची पिल्लं नीट वाढतील, त्यांना एक कायमचं ठेवायला मिळणार. पालकांच्या संमतीचा फॉर्म होता आणि त्यावर पद्मिनीची सही होती. ती तिनेच केली होती, पोळी उलटताना, डाव्या हाताने, पोहण्याच्या क्लासचा कागद समजून. त्या देशात आईच्या सहीशिवाय मूल शिंकतसुद्धा नाही, त्यामुळे कागद दिसला की सही करायची तिला सवयच लागली होती.

त्र्यंबकरावांनी पेटीत वाकून पाहिलं. "हे विषारी नसतात ना?"

"बाबा, दे आर बेबीज!"

"बेबीज विषारी नसतात असं कुणी सांगितलं? तू लहान असताना—"

"अहो," पद्मिनी म्हणाली, आणि विषय तिथे संपला.

दीपाने नावं ठेवली पिकल, नूडल आणि प्रिन्सेस. पिकल आणि नूडल अंगापिंडाने बरे होते. प्रिन्सेस मात्र शेवयांच्या खिरीतून एखादी शेवई निसटून आल्यासारखी होती. तिच्या पाठीवरचा पिवळा पट्टा पाहायलाही चष्मा लागायचा.

मिसेस हॉलकोमने आहाराचा तक्ता दिला होता, तो दीपाने फ्रिजवर चिकटवला. दर एक दिवसाआड जेवण. कधी गांडुळाचे तुकडे, कधी छोटे मासे, कधी उंदराच्या गोठवलेल्या पिल्लाचा बारीक तुकडा. एकाच पदार्थावर ठेवायचं नाही, समतोल आहार हवा, असं खाली दोन रेघा मारून लिहिलेलं. ज्या घरात पंधरा वर्षांत अंडंसुद्धा आलं नव्हतं, त्या घराच्या फ्रिजवर हा तक्ता, आणि त्याच्या शेजारी एकादश्यांचं कॅलेंडर.

वाटाघाटी झाल्या. माल गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये राहील. चिरण्याचं काम त्र्यंबकराव करतील. पद्मिनी फक्त वाढेल, तेही वेगळ्या चिमट्याने, आणि मग अंघोळ करेल. "आपण मारत नाही, वाढतो," असं तिने देवाला समजावलं. देवाने हरकत घेतली नाही. त्याला पुढचं माहीत होतं.

एक ऑगस्टला दीपा दोन आठवड्यांच्या कँपला निघाली. बस सुटायच्या आधी ती आईच्या गळ्यात पडली.

"आई, प्रॉमिस मी. प्रिन्सेसला उपाशी नाही ठेवायचं. शी इज द स्मॉलेस्ट. शी कुड डाय."

"नाही गं ठेवणार बाळा."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ," पद्मिनी म्हणाली. एका महिन्यात देवाला दिलेला हा तिचा दुसरा शब्द.

ती गेल्यावरचं पहिलं जेवण, शनिवारचं, निर्विघ्न पार पडलं. शेजारच्या मिस्टर वेबनी, म्हणजे रिटायर झाल्यापासून फक्त मासे धरणाऱ्या गृहस्थांनी, नेहमीसारखी आपल्या कॉफीच्या डब्यातली गांडुळं मातीसकट वाडग्यात दिली. पिकल आणि नूडलने फडशा पाडला. प्रिन्सेसनेही जीभ लपलप करून एक तुकडा गिळला. पद्मिनीने हात जोडले, अंघोळ केली आणि आमटीभात जेवली. तो तिचा पुढच्या आठ दिवसांतला शेवटचा आमटीभात.

रविवारी मिस्टर वेब गॅल्व्हेस्टनला आठवडाभर मासे धरायला गेले आणि गांडुळांचा डबा बरोबर घेऊन गेले. सोमवारी त्र्यंबकराव ऑफिसातून येताना बेटशॉपमधून, म्हणजे मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातून, दुसरी गांडुळं घेऊन आले. पिकल जेवला. नूडल जेवला. प्रिन्सेसने तुकड्याकडे पाहिलं, जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि तोंड फिरवलं. दीपा ज्या पद्धतीने दुधीची भाजी पाहून तोंड फिरवायची, अगदी हुबेहूब तसं.

पद्मिनीने अर्धा तास वाट पाहिली. मग तिने स्वतःचं वाढलेलं पान झाकून ठेवलं.

"हे काय?" त्र्यंबकराव म्हणाले.

"प्रिन्सेस जेवली नाही."

"मग?"

"माझं व्रत आहे. घरातला प्रत्येक जीव जेवल्याशिवाय—"

"अगं, साप म्हणजे काय घरातलं माणूस आहे?"

"माणूस म्हटलं असतं तर सुटले असते," पद्मिनी खालच्या आवाजात म्हणाली. "मी जीव म्हटलं."

त्र्यंबकराव इंजिनियर होते. करारातल्या एका शब्दापायी कंपनीला लाखो डॉलर भरावे लागलेले त्यांनी पाहिले होते. त्यांनी एक पळवाट सुचवून पाहिली. "मग या हिशोबाने अंगणातल्या मुंग्या?"

"त्या अंगणातल्या. ही घरातली."

"आणि पेटी गॅरेजमध्ये ठेवली तर?"

पद्मिनीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. देवाला फसवायला निघालेल्या नवऱ्याकडे बायको जसं पाहते, तसं. आपण स्वतः ते आधीच करून बसलो आहोत, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही.

उपवासाचं चालणार होतं, कारण फराळ म्हणजे जेवण नव्हे. म्हणून साबुदाणा आला. सोमवारी खिचडी, मंगळवारी वडे, बुधवारी थालीपीठ, गुरुवारी पुन्हा खिचडी. नवऱ्यासाठी वेगळा स्वयंपाक करायची पद्मिनीची तयारी होती, पण सुकत चाललेल्या बायकोसमोर भरली वांगी खायला माणसाला काळीज लागतं. व्रत तिचं, पण साबुदाणा दोघांच्या नशिबी.

बातमी सुमित्रामावशींना कळली. सुमित्रामावशी तीन रस्ते पलीकडे मुलाकडे राहायच्या आणि ह्यूस्टनमधल्या समस्त मराठी घरांच्या वडीलधाऱ्या होत्या. त्या चांदीची वाटी घेऊनच आल्या.

"अगं वेडे, सापाला काय किडे चारतेस? दूध दे दूध! केशर घालून आणलंय."

"मावशी, टीचरच्या तक्त्यात दूध नाही हो."

"टीचरला काय कळतंय? तिच्या घरी कधी नागपंचमी झालीय का?"

वाटी पेटीत ठेवली. प्रिन्सेस काठावर चढली आणि आत पडली. मग पिकल पडला. नूडल स्वखुशीने उतरला. पद्मिनीने तिघांना चमच्याने बाहेर काढून कोमट पाण्याखाली धुतलं. दूध कुणी प्यायलं नव्हतं, पण तिघंही पुढे दोन दिवस केशरी दिसत होते.

"बघ, कांती कशी आलीय," सुमित्रामावशी म्हणाल्या आणि समाधानाने घरी गेल्या.

मग आला शैलेंद्र. तो ह्यूस्टनला पीएचडी करत होता आणि दर बुधवारी आगाश्यांकडे जेवायला यायचा. त्याचा विषय होता पॉलिमर, पण त्याची लॅब बायॉलॉजीच्या इमारतीसमोर असल्यामुळे त्या विषयावरही त्याचा अधिकार होता. त्याच दिवशी त्र्यंबकरावांनी मोठ्या हौसेने गोल्डफिश आणले होते.

"वहिनी, थांबा! गोल्डफिश नाही!" शैलेंद्र दारातूनच ओरडला. "मी लायब्ररीत वाचून आलोय. गोल्डफिशने बी-वन व्हिटॅमिन कमी होतं. सारखे तेच दिले, तर फिट्स येतात. गपी, ते छोटे मासे, चालतील. आणि ही गांडुळं कुठली? लाल, बारीक? खताच्या डब्यातली? यार त्र्यंबकराव, ही तर विषारी असतात त्यांना!"

"पण पिकल आणि नूडलने खाल्ली ना परवा!" पद्मिनी घाबरली.

तिघंही पेटीकडे धावले. पिकल आणि नूडल ठणठणीत होते, नुसते केशरी. शैलेंद्रने गांडूळ भिंगाखाली धरलं, बराच वेळ पाहिलं, आणि हे त्यातलं नसावं असं मत दिलं. जेवायला काय आहे, हेही त्याने विचारलं. साबुदाण्याची थालीपीठं आहेत कळल्यावर त्याला एकदम लॅबमधलं काम आठवलं.

गोल्डफिश अर्थातच सोडून कसे द्यायचे? ते घरातच राहिले. आता ते घरातले जीव झाले. पद्मिनी आधी त्यांना चिमूटभर खायला घालायची आणि मग प्रिन्सेससमोर जाऊन बसायची. प्रिन्सेसने गपीकडे पाहून तोंड फिरवलं. उंदराच्या तुकड्याकडे पाहून तर ती दगडाखालीच गेली. शुक्रवारपर्यंत तिची कातडी सैल दिसायला लागली, आणि पद्मिनीच्या बांगड्याही कोपरापर्यंत जायला लागल्या. त्या दिवशी कँपवरून पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती: "इज प्रिन्सेस ईटिंग?"

पद्मिनीने ते देवापुढे ठेवलं आणि पहिल्यांदाच डोळे पुसले. व्रताचं राहू दे, ती मनात म्हणाली. माझ्या पोरीला मी काय सांगू?

रविवारी नागपंचमी होती. सुमित्रामावशींनी तोवर फोनवरून सगळ्यांना कळवलं होतं: पद्मिनीकडे जिवंत नाग आहेत, पूजेला या. ह्यूस्टनच्या बायका इतकी वर्षं कागदावर काढलेले नाग पुजत होत्या. वीस जणींनी येतो म्हणून सांगितलं. आता पद्मिनी स्वभावाने फार सरळ. वीस गाड्या रस्त्यावर लावायला वस्तीच्या कमिटीची परवानगी लागते, हे तिने नियमावलीत वाचलं होतं. ती कमिटी कुंपणाची उंची आणि टपालपेटीचा रंगसुद्धा ठरवून द्यायची. पद्मिनीने आपण होऊन फोन केला.

"कसला कार्यक्रम?" पलीकडच्या बाईने विचारलं.

"पूजा आहे. सापांची."

पलीकडे नियमावलीची पानं फडफडली. मग कळलं की रविवारी दुपारी कमिटीच्या मिसेस क्रचफील्ड स्वतः पाहणीला येतील.

रविवारी दिवाणखान्यात नऊवारी, पाचवारी, हळदकुंकू, लाह्या, दूध आणि मोगऱ्याचे प्लास्टिकचे गजरे यांची गर्दी झाली. बायकांनी पेटीत डोकावलं आणि त्यांचे चेहरे उतरले.

"एवढुसा?"

"फणा कुठेय?"

"बाळनाग आहेत हो," सुमित्रामावशींनी सांभाळून घेतलं. "फणा मागाहून येतो."

नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली. मिसेस क्रचफील्ड हातात क्लिपबोर्ड घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या कपाळाला कुणीतरी हळदकुंकू लावलं, हातावर लाह्या ठेवल्या. त्यांनी लाह्या पॉपकॉर्न समजून खाल्ल्या आणि कागदाकडे वळल्या.

"प्राण्यांची एकूण संख्या?"

"तीन," पद्मिनी म्हणाली. "आणि पाच गोल्डफिश."

मिसेस क्रचफील्डनी पेटीत पाहिलं. "मला दोनच दिसतायत."

पद्मिनीने पाहिलं. दोनच होते. झाकण बोटभर सरकलेलं होतं.

पुढच्या मिनिटाचं वर्णन करणं सुसंस्कृत लेखणीला शोभणारं नाही. ज्या बायका नागाची पूजा करायला पन्नास मैल गाडी चालवून आल्या होत्या, त्या सगळ्या नागाच्या भीतीने सोफ्यावर चढल्या. सुमित्रामावशी त्र्यंबकरावांच्या खुर्चीवर चढल्या, त्र्यंबकराव बसलेले असताना. मिसेस क्रचफील्ड डायनिंग टेबलवर उभ्या होत्या आणि तिथूनही लिहीत होत्या. पद्मिनी एकटीच जमिनीवर रांगत होती. "प्रिन्सेस, ये गं बाई. ये गं सोनू. कुणी नाही रागावणार."

प्रिन्सेस सापडली देवघरात. समईच्या उबेला, महादेवाच्या पिंडीवरच्या पितळी नागाशेजारी वेटोळं घालून ती बसली होती. एक पितळी नाग, एक खरा. आणि दोघांच्या मध्ये दीपाचं पोस्टकार्ड.

बायका एकेक करून सोफ्यावरून उतरल्या. कुणीतरी आरती सुरू केली. टेबलावरून मिसेस क्रचफील्डनी विचारलं, "हा पितळी धरायचा का मोजणीत?"

पद्मिनीचं लक्ष आरतीत नव्हतं. प्रिन्सेस जीभ बाहेर काढून काहीतरी हुंगत होती. पद्मिनीने पाहिलं, तर देवघराच्या पायरीवर तिच्याच पदराला लागलेल्या मातीचा एक डाग होता. सकाळी तिने मिस्टर वेबच्या गांडुळांचा, शनिवारी वापरलेला तो रिकामा वाडगा गॅरेजमध्ये घासायला म्हणून उचलला होता, आणि तळाची थोडी माती पदरावर सांडली होती. प्रिन्सेस त्या मातीकडे सरकत होती. डोळ्यांत प्राण आणून.

आणि पद्मिनीला लख्ख कळलं. ही काही अन्नाला नको म्हणत नव्हती. ही वासाला नको म्हणत होती. तिला ओळखीच्या घासाचाच वास हवा होता. असं एक मूल तिने दहा वर्षं वाढवलं होतं! जे मूल टोमॅटो केचपच्या वासाशिवाय घास घेत नसे, त्या मुलाला तिने परसातला दुधी कशाकशातून चारला होता, हे तिचं तिला ठाऊक.

नागपंचमीला काही चिरायचं नसतं, भाजायचं नसतं, जमीन खणायची नसते. पण सगळ्या गृहिणी भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात, तसे त्र्यंबकरावांनी शनिवारीच गपीचे तुकडे करून ठेवलेले होते. पद्मिनी गॅरेजमध्ये गेली. त्या वाडग्यातल्या मातीत तिने माशाचा तुकडा, पोळीचा उंडा पिठात घोळवावा तसा हलक्या हाताने घोळवला, झटकला, आणि चिमट्यात धरून प्रिन्सेसपुढे नेला.

"हा घास चिऊचा," ती अगदी हळू म्हणाली.

प्रिन्सेसची जीभ लपलपली. एकदा. दोनदा. आणि मग गप्पकन घास आत गेला.

"जेवली!" पद्मिनी ओरडली. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने. "अहो, जेवली!"

वीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. मिसेस क्रचफील्डनीही वाजवल्या, मग भानावर येऊन त्यांनी निकाल दिला: सापांबद्दल नियमावलीत एक अक्षर नाही, मात्र दोन गाड्यांची चाकं हिरवळीवर आहेत, ती काढावीत. जाताना त्या आणखी लाह्या मागून घेऊन गेल्या. त्या दिवशी पद्मिनी पुरणाची दिंडं जेवली. किती, ते त्र्यंबकरावांनी मोजलं नाही. ते स्वतः चौथ्यावर होते.

दीपा परत आली तेव्हा प्रिन्सेस मातीत घोळवलेलं सगळं खात होती, मासा, उंदीर, सगळं. ऑगस्टअखेर तिन्ही पिल्लांची वजनं झाली. प्रिन्सेस दीपाची झाली. आहाराची वही तर मिसेस हॉलकोमना इतकी आवडली की त्यांनी ती पूर्ण वर्गात वाचून दाखवली.

इथे पद्मिनीच्या सरळपणाने पुन्हा घात केला. वहीत शेवटी 'पद्धत कशी सुचली' असा रकाना होता. खोटं लिहायचं नाही म्हणून तिने सुवाच्य इंग्रजीत खरं तेच लिहिलं होतं: माझी मुलगी दुधी खात नाही. म्हणून मी तिला तो गेली सात वर्षं पिझ्झाच्या सॉसमध्ये, चॉकलेट केकमध्ये, थालीपिठात आणि पॅनकेकमध्ये घालून देते. तिला अजून कळलेलं नाही. सापाला तीच युक्ती लागू पडली.

त्या संध्याकाळी दीपा घरी आली आणि दप्तरही न काढता टेबलाशी बसली. पद्मिनीने पान वाढलं. थालीपीठ, लोणी, दही. दीपा पानाकडे वाकली. जीभ जराशी बाहेर काढली, आत घेतली. वास घेतला. आणि तोंड फिरवलं.

"सेव्हन इयर्स, आई."

"अगं, पण तुला आवडायचं ना?"

"इव्हन माय बर्थडे केक?"

पद्मिनीने खाली पाहिलं. सात वर्षं पोरीच्या पोटात अन्न गेल्याचं समाधान आणि पकडले गेल्याची लाज, दोन्ही एकदम तिच्या चेहऱ्यावर आलं.

"आय एम नॉट ईटिंग," दीपा म्हणाली, आणि प्रिन्सेसची पेटी उचलून आपल्या खोलीत निघून गेली.

पद्मिनीने स्वतःचं पान झाकलं. कार्तिकी एकादशीला अजून अडीच महिने होते.

त्र्यंबकरावांनी बंद दाराकडे पाहिलं, झाकलेल्या पानाकडे पाहिलं, मुकाट्याने उठले आणि साबुदाणा भिजत घातला.